गळती

पहाटे पावणेपाच. हॅलिफॅक्स.
उतारावरच्या दगडी घरांची रांग,
गाडीच्या काचेवर बर्फाची साय.
किल्ली फिरवली.
बॉनेटखाली पाल चुकचुकावी तसं: टिक.
पुन्हा फिरवली. टिक टिक टिक.

समोरचा झुल्फिकार रात्रीची टॅक्सी लावून नुकताच आलेला,
जेवायचा राहिलेला, तरी केबल घेऊन आला.
लाल लालला, दोन्हीकडे.
काळा त्याच्या बॅटरीला,
आणि शेवटचा काळा?
"बॅटरी को नहीं बाजी, नंगे लोहे को. ज़मीन दो इसको."
मी म्हटलं, आमच्याकडे अर्थिंग म्हणतात.
"मतलब?"
मतलबच. अर्थ म्हणजे मतलब.
तो हसला, वाफ माझ्या काचेवर.
तिसऱ्या झटक्याला इंजिनाला अर्थ लागला.

दिवसभर मी दुसऱ्यांचं रक्त तपासते.
हिमोग्लोबिन सहा म्हटलं की माणूस दिसतो,
जिन्यात कठडा धरून थांबलेला.
पण अकरा पॉइंट चार व्होल्ट?
मीटरच्या डब्यातला कागद म्हणतो,
साडेबारा म्हणजे धडधाकट.
अकरा पॉइंट चार म्हणजे मग
नातेवाइकांना बोलावून घ्या.

टोकांवर निळसर बुरशी चढली होती.
खायचा सोडा गरम पाण्यात, केतकीचा जुना टूथब्रश,
फसफसलं, निघालं.
वर व्हॅसलीन, टाचांना लावते तेवढंच.
काही फरक नाही.
दीर नाशिकहून फोनवर: "वहिनी, नवी टाका."
ब्याऐंशी पौंडांची नवी टाकली.
मग चार दिवस रजा होती.
पाचव्या पहाटे,
टिक.

रक्त कमी भरलं की डॉक्टर आधी विचारतात,
वाहतंय कुठून?
हे मला इतक्या उशिरा का सुचलं.

त्या रात्री गाडीला कुलूप, बॉनेट उघडं,
काळी तार सोडवून मध्ये मीटर.
अर्धा तास थांबायचं असतं,
गाडीचाही लगेच डोळा लागत नाही.
मग आकडा ठरला: शून्य पॉइंट चार दोन.
झोपेत एवढं पितं का कुणी?
भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक फ्यूज उपटला.
रेडिओ, काही नाही. हॉर्न, काही नाही.
बोटं माझी राहिली नव्हती.
चौदा नंबर काढला आणि आकडा बसकन खाली आला.
यादीत लिहिलं होतं, आतले दिवे.
काचेला नाक लावून पाहिलं. आत मिट्ट.

उरली डिकी.
बंद डिकीत काय चाललंय ते बाहेरून कसं कळावं?
केतकी पायजम्यात दारात उभी,
"फोन ठेव ना आत, व्हिडिओ चालू करून."
फ्यूज परत बसवला, फोन ठेवला, झाकण लावलं,
शंभर मोजले.

स्वयंपाकघरात दोघींनी पाहिलं.
झाकण पडतं. उजेड तसाच.
जॅक, एका हाताचा मोजा,
मे महिन्यात परत करायचे राहिलेले पडदे,
तांदळाची उसवलेली पिशवी,
सगळं लख्ख, कुणी येणार असल्यासारखं.
आणि पत्र्यापलीकडून एक बाई
नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव,
थंडीने दात वाजत, एकही आकडा न चुकता.
"कोण आहे गं ही?" केतकी म्हणाली.
मी आवाज वाढवला.
शहाण्णवला ती शिंकते.

कडीतल्या बटणाच्या खोबणीत
एक दाणा अडकला होता. बटण पुरतं दबतच नव्हतं.
तोच चिमटा.
कुठल्या रात्रीपासून दिवा जळत होता कोण जाणे.
मी तो दाणा कागदात बांधून
झुल्फिकारकडे नेला.

त्याने तळहातावर घेतला, रस्त्याच्या दिव्याखाली उलटसुलट पाहिला.
"बासमती?"
नाही, आंबेमोहोर.
"तभी तो," तो म्हणाला.
"बासमती होता तो घुसता ही नहीं."